पाणी काढलंय

"खरं तेच छापता ना तुम्ही?" लोणारेबाईंनी विचारलं.

त्या उंबरठ्यात उभ्या होत्या. हातात फडक्यात बांधलेला डबा होता. बाहेर अंगणात जीपच्या टपावर चढून त्यांचे यजमान एक जाडजूड काळा पाईप दोरीने आवळत होते. संगमनेर, जानेवारीतला शनिवार, सकाळचे सव्वाआठ.

"प्रयत्न तसाच असतो," मी म्हणालो.

"प्रयत्न नको, आकडे लिहा. यांचं मी छत्तीस वर्षं ऐकतेय. पाच मिनिटांत येतो म्हणून वर्कशॉपला गेले की दुसऱ्या दिवशी उगवायचे."

"बाई, तेव्हा गाडी बंद पडलेली असायची," टपावरून आवाज आला.

"दर आठवड्याला?"

टपावर दोरीची गाठ पुन्हा आवळली गेली. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि गावाबरोबर नवराही त्यांना बाईच म्हणत होता.

तेव्हा मी पुण्याच्या एका दैनिकात होतो. रोजची बातमीदारी सांभाळून मंगळवारच्या वाहन पुरवणीसाठीही लिहायचो. त्या आठवड्याचं काम होतं, गाडी घेऊन रानात मुक्काम करणाऱ्यांना गरम पाण्याने आंघोळ कशी करता येईल. आठशे शब्द, एक फोटो. लोणाऱ्यांचं पत्र महिनाभर आधीच पुरवणीकडे आलं होतं. 'मी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला मेकॅनिक आहे. जुन्या जीपवर गरम पाण्याच्या तीन सोयी केल्या आहेत. माणूस पाठवा आणि मोजून घ्या.' खाली वेगळ्या शाईत एक ओळ होती: 'छापून आले तर माझे एक घरचे काम होईल.'

घरचं काम काय ते बाईंनीच सांगितलं.

"यांना जूनमध्ये हिमाचलात स्पितीला जायचंय. ही जीप घेऊन, बावीस दिवस. मी नाही म्हटलेलं नाही. रोज सकाळी मला गरम पाण्याने आंघोळ पाहिजे, एवढंच म्हटलंय. गार पाण्याने माझी बोटं सुजतात. आणि आंघोळीआधी मी चहासुद्धा घेत नाही, लहानपणापासून. होतंय असं तुम्ही मोजून छापा, मी येते."

"आणि होत नसेल तर?"

"तर हे एकटे जातील."

लोणारे टपावरून उतरले आणि हात पुसत आमच्याजवळ आले. बुटके, रुंद खांद्यांचे, साठीतले.

"एकट्याने जायचं असतं तर नोकरीत असतानाच नसतो का गेलो?" ते म्हणाले. हे मात्र चेष्टेत नव्हतं.

बाईंनी डबा माझ्या हातात दिला. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं पेरांशी वाकडी झाली होती. "पोळ्या आहेत. यांना तीनच द्या, चौथी मागतील."

मुक्कामाची जागा भंडारदऱ्याच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, साम्रदच्या वाटेवरचं एक पठार होतं. वाटेत लोणारे फारसं बोलले नाहीत. एका चढावर गिअर बदलताना म्हणाले, "चौतीस वर्षं गाड्या बाहेर काढल्या. शेगाव, अक्कलकोट, गाणगापूर. पाटी लागायची, गाडी सुटायची. मी फाटकापर्यंत." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "बाईंना तेव्हा म्हणायचो, निवृत्त झालो की आपली पाटी लावू."

दुपारी दोनला पोचलो. गवत वाळून पिवळं पडलं होतं, खाली धरणाचं पाणी, पलीकडे कडा. माणूस एकही नाही. तंबू ठोकून झाल्यावर लोणाऱ्यांनी मला जीपभोवती फिरवलं, वर्कशॉपला साहेब आल्यावर फिरवतात तसं.

सोय पहिली, टपावरचा पाईप. सहा इंची, काळा रंगवलेला, दोन्ही तोंडं बंद, आत वीस लिटर पाणी. ऊन लागलं की पाणी तापतं. खर्च जवळजवळ नाही, बिघडण्यासारखं काही नाही. सोय दुसरी, मागच्या दाराला टांगलेला छोटा गॅस गीझर आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा पंप. सोय तिसरी त्यांनी सर्वात शेवटी दाखवली. बॉनेट उघडलं आणि जरा बाजूला सरकले.

"हे बघा. इंजिन गार ठेवायला त्याच्याभोवती पाणी फिरतं. ते तापलेलं असतं. ते या डब्यातून जातं. डब्यात तांब्याच्या नळीचं वेटोळं आहे, त्यातून आपलं आंघोळीचं पाणी फिरवायचं. पाण्याला पाणी लागत नाही, फक्त ऊब जाते इकडून तिकडे. गॅस नको, ऊन नको. इंजिन फुकट तापतंच, त्यातलं उरलेलं आपण घ्यायचं."

"डिझाइन तुमचं?"

"इंटरनेटवर चित्रं होती. भाच्याने छापून दिली. तिकडं ऑस्ट्रेलियात वाळवंटातसुद्धा लोक करतात म्हणे. डाग देणं माझं."

तांब्यावरचे डाग सोनाराने द्यावेत इतके नेटके होते. मी तसं वहीत लिहिलं.

चार वाजता मी थर्मामीटर काढला. पाईपमधलं पाणी सेहेचाळीस अंश होतं. लोणारे हसले. त्यांनी स्वतः आंघोळ केली, मला आग्रह केला. मी नको म्हटलं. पुन्हा पाईप भरून त्यांनी उरलेल्या उन्हात ठेवला, सूर्य टेकताच त्यावर दोन गोधड्या गुंडाळल्या आणि दोऱ्या बांधल्या, आजारी माणसाला पांघरूण घालावं तशा.

रविवारी सकाळी सहा वाजता पाणी सोळा अंश होतं. बाहेरची हवा सात.

"गोधडी नसती तर दहा असतं," लोणारे म्हणाले.

"बरोबर."

"लिहा तसं."

मी तसं लिहिलं.

गॅसचा गीझर पहिल्याच काडीला पेटला. पाणी त्रेचाळीस अंश. लोणाऱ्यांनी मला अंगठा दाखवला आणि तेवढ्यात पाण्यावरून वारा आला, ज्योत गेली. परत पेटवली, परत गेली. त्यांनी ताडपत्री तीन बाजूंनी धरली तेव्हा टिकली.

"तंबूत घेतला तर?" मी विचारलं.

"तंबूत माणूस गुदमरून मरतो. गीझर उघड्यावरच पाहिजे आणि उघड्यावर वारा आहे. स्पितीत तर याच्या दसपट." त्यांनी गॅस बंद केला. "डोक्याला शिकेकाई लावलेली असताना विझला ना साहेब, तर ती ओल्या केसांनी चालत संगमनेरला जाईल."

उरली तिसरी सोय. त्यांनी कॅन भरला, नळ्या जोडल्या, इंजिन सुरू केलं. जीप उभ्या जागी घरघरत राहिली. दहा मिनिटांनी सतरा अंश. वीस मिनिटांनी पंचवीस. पंचवीस मिनिटांनी एकतीस, आणि मग पारा हलेना.

"परत बघा."

"एकतीस."

"काढून, पुसून बघा."

मी काढून, पुसून पाहिलं. "एकतीस आहे, लोणारे."

ते बॉनेटवर हात टेकून उभे राहिले. इंजिनाचा आवाज त्यांनी बराच वेळ ऐकला. चूक कुठे झाली ते त्यांना पहिल्यांदा कळलं असेल ते तेव्हाच.

"उभ्या उभ्या तापत नाही हे," ते म्हणाले. "डिझेलचं इंजिन. याला चढ पाहिजे, दोन-चार किलोमीटर ओढ पाहिजे."

"मग ऑस्ट्रेलियातल्या लोकांना कसं जमतं?"

"ते दिवसभर गाडी चालवतात, संध्याकाळी मुक्कामाला थांबतात आणि मग आंघोळ करतात." त्यांनी बॉनेटवरचा हात काढला. "संध्याकाळी. त्या चित्रात मागे सूर्य मावळत होता. मला वाटलं, शोभेला काढलाय."

तिन्ही सोयी संध्याकाळच्या होत्या. दिवसभराचं ऊन, दिवसभराची धाव, आडोसा शोधायला हाताशी वेळ. त्यांनी दोन वर्षं खपून जे बनवलं होतं ते सगळं सूर्यास्ताला आंघोळ करणाऱ्या लोकांचं होतं, आणि घरी होती पहाटे आंघोळ झाल्याखेरीज चुलीपाशी न जाणारी बाई.

"बाईंना संध्याकाळी आंघोळ करायला सांगून बघा," मी म्हणालो.

"तुमचं लग्न झालंय का?"

"झालं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. त्या शांततेत ते म्हणाले, "चाळीस लिहा ना."

"ते नाही जमणार."

"पस्तीस? पस्तीसला हात भाजत नाही पण गार तरी म्हणता येणार नाही."

"एकतीस आहे तर एकतीसच लिहावं लागेल."

"तुमचा काय तोटा आहे हो?"

"बाईंनी आकडे मागितलेत. तुमच्या दारात उभं राहून मागितलेत."

दिवसभर ते नळ्या खोलत आणि जोडत बसले. जेवताना त्यांनी चौथी पोळी मागितली नाही.

संध्याकाळी पाच वाजता मी पठारामागच्या टेकाडावर चढलो. तिथेच तेवढी रेंज होती. पुरवणीच्या मनीषा पेठेला आठशे शब्द फोनवर सांगितले. पहिल्या सोयीला सकाळी सोळा, दुसरीला वारा, तिसरीला एकतीस. निष्कर्ष: संध्याकाळी आंघोळ करणाऱ्यांसाठी तिन्ही उत्तम, सकाळच्यांसाठी एकही खात्रीची नाही. मनीषा म्हणाली, मस्त झालंय, पान उद्या सकाळी आठला छपाईला सोडते.

सोमवारी मला जाग आली तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. तंबूत मी एकटाच होतो. बाहेर आलो तर जीप नव्हती. सगळ्या पठारावर दव पडलं होतं, फक्त जीप उभी होती तिथे कोरड्या गवताचा एक चौकोन राहिला होता. माझी झोप सावध आहे, पण मला आवाज आला नव्हता. उताराचा फायदा घेऊन गाडी लोटत नेली असावी.

मी एकदा हाक मारली. ती कड्यावर जाऊन परत आली. मग मी त्या कोरड्या चौकोनात उभा राहिलो, कारण तिथे बूट भिजत नव्हते.

हा माणूस मला इथे टाकून गेला असेल, तर कोणाला कळवायचं याचा विचार केला. मनीषाला कळवता आलं असतं, पानासाठी. आणखी कोण, ते मी आठवू लागलो. आठवायला लागतंय हे लक्षात आल्यावर मी वही काढून वेळ लिहिली.

सहा पन्नासला चढावरून दिवे दिसले. जीप वर आली, माझ्यापाशी थांबली. काचांवर वाफ होती. लोणारे खाली उतरले, कानाला मफलर, नाक लाल झालेलं. मागचं दार उघडून त्यांनी ताडपत्रीचा आडोसा केला, झारीचं तोंड बसवलेली नळी वर टांगली. मग माझ्याकडे वळून, आपल्या घरात ओरडावं तसं ओरडले:

"पाणी काढलंय!"

मी आधी थर्मामीटर घातला. सहा बावन्न. एकेचाळीस अंश पाच.

"मोजत काय बसलाय? जा, जा, निवतंय. टॉवेल दाराला आहे."

मी आत गेलो. पाणी डोक्यावर पडलं. ताडपत्रीपलीकडे लोणारे पाठ करून उभे होते आणि मोठ्याने बोलत होते, म्हणजे मला ऐकू यावं.

"पावणेसहाला निघालो. चार किलोमीटर खाली, चार वर. कॅन मागेच, पंप चालू. चढाला इंजिन तापलं की पाणी तापलंच. रोज बाई उठायच्या आत जाऊन यायचं. हाय काय नि नाय काय."

"बावीस दिवस?"

"छत्तीस वर्षं ती माझ्या आधी उठतेय. बावीस दिवस मी उठतो की."

पाणी संपेपर्यंत मी तिथे उभा राहिलो. वीस लिटर. 'पाणी काढलंय' हे दोन शब्द माझ्या घरात कोणी म्हटल्याला दोन वर्षं आणि चार महिने झाले होते. पुण्यात माझ्या बाथरूममध्ये गीझर होता, त्याचा दिवा लाल व्हायचा आणि मग विझायचा. मी बादली भरायचो. मला कोणी हाक मारत नसे. जाताना बायको म्हणाली होती, तुला माणूस बोललेलं ऐकू येत नाही, त्यातली चूक ऐकू येते. या वाक्यातही मला एक चूक दिसली होती आणि मी ती सांगितली होती.

कपडे करून बाहेर आलो तेव्हा लोणारे चहा ठेवत होते.

"आठला पान सुटतं म्हणालात ना काल? जा, वर जाऊन फोन करा. एकेचाळीस सांगा. गाडी चालवून आणली तेही सांगा, लपवायचं काही नाही त्यात."

मी टेकाडावर गेलो. फोन केला. वहीत वेळ लिहिली आणि खाली आलो. त्यांनी दोन कपांत चहा ओतून ठेवला होता.

"सांगितलं?"

"पान गेलं होतं."

त्यांनी एक कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "असू द्या. मी सांगेन बाईंना. तुम्ही मोजलंय म्हणून सांगेन."

मंगळवारी मजकूर छापून आला. ठळक अक्षरांत एकतीस अंश. लोणाऱ्यांचा एक फोन आला. छान आलंय, फोटो मोठा आहे, बाईंनी दोनदा वाचलं. बस एवढंच. मी पुढच्या आठवड्याच्या कामाला लागलो.

तेरा वर्षांनी, माझ्या नोकरीचे शेवटचे दोन महिने उरले असताना, जिल्हा पानावर लोणाऱ्यांची तीन ओळींची निधनवार्ता आली. एस.टी.चे निवृत्त कर्मचारी, वय चौऱ्याहत्तर, पश्चात पत्नी. मी घरी जाऊन जुन्या वह्यांचा खोका उपसला. वही सापडली. पंधरवडा तशीच टेबलावर होती. मग एका रविवारी पहाटे पहिल्या एस.टी.ने संगमनेरला गेलो.

बाईंनी मला ओळखलं. "आकडेवाले," म्हणाल्या. अंगणात जीप नव्हती. तिच्या जागी तुळशीच्या कुंड्या होत्या.

"विकली," त्या म्हणाल्या. "त्यांना दिसेनासं झालं तेव्हा. डबा काढून घेतला आधी, तांब्याच्या वेटोळ्याचा. माळ्यावर आहे."

"स्पितीला गेला होतात?"

"ते गेले. एकटे." त्यांनी पदर सारखा केला. "मी त्यांना म्हणायचे, छापून आलं की येते. आधी चेष्टाच होती हो. मग त्यांनी परत विचारलं नाही आणि मी आपणहून म्हटलं नाही. जूनमध्ये निघाले. बावीस दिवसांत अकरा फोन आले. तिकडं रेंज नसायची. आला की सकाळी सहा-सव्वासहालाच यायचा. म्हणायचे, बाई, पाणी काढलंय. एकेचाळीस."

मी पिशवीतून वही काढली.

"माझ्यासाठी म्हणून रोज गाडी फिरवून आणायचे तिथं. मी नसताना. मी म्हणायचे, तुम्ही करून घ्या आधी." त्या माझ्याकडे वळल्या. "शेवटपर्यंत म्हणत होते, त्या पत्रकाराने स्वतः मोजलं होतं एकेचाळीस. मला वाटायचं, माझं मन राखायला सांगतात. खरं होतं का ते?"

मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावला, वाकड्या बोटाने ओळ धरली आणि शाळेत वाचून दाखवावं तसं वाचलं.

"सहा बावन्न. एकेचाळीस अंश पाच." मान हलवली. "म्हणजे अर्धा अंश कमीच सांगत होते."

मी वही मागायला हात पुढे केला. पण त्या शिक्षिका होत्या, पान संपेपर्यंत वाचणाऱ्या.

"सात चाळीस. पान. बदल नाही." त्यांनी वर पाहिलं. "हे काय?"

"आठला पान सुटणार होतं. मनीषाने मला विचारलं, मजकुरात काही बदल आहे का."

"आणि तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"ते तर म्हणाले, पान गेलं होतं."

"तसं मीच त्यांना सांगितलं."

स्वयंपाकघरात कुकरची वाफ हळूच जात होती. येताना एस.टी.त मी एक उत्तर तयार केलं होतं. चाचणी उभ्या गाडीवर ठरली होती, गाडी फिरवून आणणं ही वेगळी पद्धत, एका सकाळच्या एका नोंदीवर निष्कर्ष बदलता येत नाही. प्रत्येक वाक्य बिनचूक होतं.

"का?" बाईंनी विचारलं.

"बघवलं नाही मला," मी म्हणालो. "त्यांनी मला हाक मारली, पाणी काढलंय म्हणून. ती हाक तुम्हाला रोज मिळणार होती. मला नाही बघवलं."

बाईंनी चष्मा काढला. वही मिटली आणि आपल्या मांडीवर ठेवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"आंघोळ झाली का तुमची?" त्यांनी विचारलं. "नसेल तर पाणी काढते."

मी पहाटे चारला उठून तसाच निघालो होतो. अंगात कालचा शर्ट होता.

"झाली," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या शर्टाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत गेल्या आणि चहाचं एका कपाचं, माझ्यापुरतं आधण ठेवलं.